शेवटचा हात कुणाचा

आमच्या ऑफिसात "आपोआप" हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. कामाला लागून आठवडा झाला असेल, मी सहज म्हणून गेले, "सर, माझी स्क्रीन आपोआप बंद झाली." तर मशीनं सांभाळणारे आमचे सर हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिले.

"आपोआप? मॅडम, आपोआप फकस्त बांधावरचं गवत उगवतं. आन त्याला बी पाऊस लागतो. बसा इथं. शेवटचा हात कुणाचा व्हता?"

शेवटचा हात माझाच होता, कारण त्या टेबलावर बसणारी मी एकटीच. पण म्हणून चौकशी लवकर आटोपली असं नाही. स्क्रीन जायच्या आधी मी काय दाबलं, का दाबलं, त्याच्या आधी कुणाचा फोन आला, खुर्ची मागे सरकवली का, सगळं त्यांनी लिहून घेतलं. शेवटी निघालं काय, तर खुर्चीच्या चाकाखाली वायर येऊन सुटली होती. वायर खोचून झाल्यावरही ते समाधानी दिसले नाहीत. खुर्ची तिथं कुणी आणली, हे त्यांना अजून कळायचं होतं.

आळेफाट्यावर खत-औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं हवामान केंद्र होतं. जुन्नर आणि आंबेगावच्या द्राक्ष बागायतदारांच्या संघानं ते स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं. आळे, येडगाव, डिंभे अशा ठिकाणी खांबांवर यंत्रं बसवलेली होती. ती पाऊस, वारा, हवेतला दमटपणा मोजून आमच्याकडे पाठवायची. आतल्या काचेच्या खोलीत, एसीत एक मोठा कॉम्प्युटर बसलेला होता. संध्याकाळी त्याचं गणित सुरू व्हायचं आणि पहाटेपर्यंत पुढच्या चार दिवसांचे नकाशे तयार व्हायचे. बाहेर माझ्या टेबलावर दुसरा कॉम्प्युटर, भल्यामोठ्या स्क्रीनचा. त्यावर मी ते नकाशे बघायचे आणि सकाळी सातला सगळ्या बागायतदारांच्या फोनवर अंदाजाचा मेसेज धाडायचे. आतल्या मशीनला सर "थोरला" म्हणत आणि माझ्या मशीनला "धाकटा". माणसांना मात्र त्यांनी कधी नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. मी मॅडम, संघाचे अध्यक्ष ते अध्यक्ष, आणि बाकी सगळे "ते लोक".

सर मूळचे डिंभे धरणाच्या वरच्या अंगाचे. घरी भात-नाचणीची शेती. तरुणपणी पुण्यात कुठल्याशा मोठ्या हवामान ऑफिसात मशीनं सांभाळायच्या कामाला होते, ते पन्नाशीनंतर गावाकडे परतले. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि त्याच्या खिशात टॉर्च. भर दुपारीसुद्धा. मशीनच्या पाठीमागं कायम अंधार असतो आणि सगळ्या भानगडी पाठीमागंच होतात, असं त्यांचं म्हणणं. सकाळी आले की चप्पल काढायचे आणि कुणाशी बोलायच्या आधी दोन्ही मशीनच्या पाठीवर तळहात ठेवून ताप बघायचे. मग मी विचारायचे, "सर, सगळं चालू आहे ना?" आणि उत्तर ठरलेलं असायचं, "तसं दिसतंय."

थोरल्याच्या कपाटाला कुलूप होतंच. पण त्या कुलपावर त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून दाराच्या फटीवर दोरा आडवा लावून त्याच्या टोकाला मेणबत्तीचं मेण सोडलेलं, आणि मेणावर अंगठ्याच्या नखाची खूण. रोज सकाळी टॉर्चच्या उजेडात ती खूण तपासायची. मी एकदा विचारलं, "सर, किल्ली तर तुमच्याकडेच असते. मग दोरा कुणासाठी?"

"माझ्यासाठी," ते म्हणाले. "मी उघडलं आन विसरलो, तर मला कसं कळायचं?"

तेव्हा मी खूप हसले होते. ऑफिसातला चहासुद्धा ते पीत नसत. खाली जाऊन टपरीवाल्यानं समोर उकळलेला, तोही पहिल्या उकळीपासून स्वतः उभं राहून पाहिलेला असेल तरच. नवीन सॉफ्टवेअर आलं की जगभर लोक आनंदानं घेतात, आमच्याकडे ते महिनाभर एका जुन्या, मोडक्या मशीनवर नजरकैदेत असायचं. फुकट मिळणाऱ्या गोष्टीवर तर त्यांचा विशेष राग. "कोण कशाला देईल वो फुकट? घरचं खाऊन?"

आमच्या संघानं त्यांना नेमलं ते एका योजनेसाठी. अध्यक्षांना कुणीतरी सांगितलं होतं की अशा केंद्राला तांत्रिक मदतीचा लेखी आराखडा लागतो. मशीन बंद पडलं तर कोण बघणार, सुटे भाग कोणते ठेवायचे, सॉफ्टवेअर अडलं तर कुणाला फोन करायचा, असं सगळं. अध्यक्षांना चार पानं हवी होती. यांनी पुठ्ठ्याच्या बांधणीची लांब वही आणली आणि पहिल्या पानावर मथळा घातला, "कोण काय बिघडवील". आठ महिन्यांत ती वही भरत आली. कॉम्प्युटरवर का टाइप करत नाही म्हणून अध्यक्षांनी विचारलं, तर म्हणाले, "मशीनच्या दुखण्याचं औषध मशीनच्याच पोटात ठेवायचं? ते उठलंच न्हाई तर औषध काढायचं कुठून?"

वहीत प्रत्येकाला एक पान होतं. उसाच्या ट्रॉल्यांना पान, कारण त्यांची मोळी आमची इंटरनेटची तार ओढून न्यायची. उंदरांना दोन पानं. येडगावच्या खांबाच्या पानावर लिहिलं होतं, "शेजारी ऊस. बिबट्याचा वावर. संध्याकाळी सहानंतर दुरुस्तीला कुणीही जायचं नाही. माहिती बुडाली तरी चालेल." अध्यक्षांच्या पानावर, "पाहुण्यांना मशीन दाखवायला आणतात. बोट लावतात." आणि एक दिवस ते जेवायला गेलेले असताना मी चोरून माझं पान काढलं. एवढंच होतं, "मॅडम. हुशार आहेत. म्हणून जास्त लक्ष."

मला ते लागलं. गावातली पहिली मुलगी हवामानशास्त्र शिकून आलेली म्हणून मला जरा माजही होता. त्या दिवसापासून मीही त्यांच्यावर नजर ठेवायला लागले. हा माणूस वहीत आणखी काय लिहितो, कुणाला दाखवतो, अध्यक्षांच्या कानाला लागतो का. संशय हा सर्दीसारखा असतो, एका खोलीत बसलं की लागतोच. दोन वर्षं आम्ही असे समोरासमोर बसून एकमेकांवर पहारा केला.

वहीतलं सगळ्यात मोठं प्रकरण खंडेनवमीचं होतं. आमच्याकडे त्या दिवशी ट्रॅक्टर, मोटारी, फवारणीचे पंप, सगळी अवजारं धुऊन पुसून पुजतात आणि विसावा देतात. तेव्हा हवामान केंद्राची मशीनं तशीच ठेवायची हे कुणालाच पटणारं नव्हतं. सरांना पूजा मान्य होती, विसावा मान्य नव्हता. "बंद करायला काय लागतं? लाइट गेली की हुतंय. चालू करताना कळतं कोण कुठं बसलंय ते." शेवटी तडजोड झाली. मशीनं बंद होतील, पण त्यांच्या पद्धतीनं चालू होतील. त्यांनी दोन्ही कपाटांवर पेन्सिलीनं बारीक गोल काढून ठेवले, हळदकुंकू लावायचं ते त्या गोलांतच. झेंडूची माळ हवेच्या जाळीवर येता कामा नये. आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला, "आधी थोरला. तो पुरता जागा झाला की मग धाकटा."

कारण सोपं होतं. नकाशे असायचे थोरल्याकडे. धाकटा चालू होताना थोरल्याला शोधायचा आणि त्याच्याकडचे नकाशे दाखवायचा. थोरला सापडला नाही तर धाकटा आपल्याच पोटातल्या एका जुन्या कप्प्यात बघायचा, आणि पुन्हा बंद करून चालू करेपर्यंत तिथलेच दाखवत राहायचा. त्या कप्प्यात चाचणीच्या वेळचे शिळे नकाशे होते.

गेल्या खंडेनवमीला डिंभ्याचा खांब मुका झाला. सरांना सकाळीच तिकडे जावं लागलं. डिंभ्याची एसटी म्हणजे आली तर आली. परतायला संध्याकाळ होणार हे उघड होतं. जाताना त्यांनी मला तो भिंतीवरचा कागद मोठ्यानं वाचायला लावला, शाळेतल्यासारखा.

पूजा झाली, नारळ फुटला. अध्यक्षांच्या हस्ते मशीन सुरू करायचं ठरलं होतं आणि फोटो काढायचा होता. आता आतल्या अंधाऱ्या खोलीतल्या लोखंडी कपाटाशेजारी कोण फोटो काढून घेतं? अध्यक्ष माझ्या टेबलाशी मोठ्या स्क्रीनपुढं उभे राहिले, हसले आणि धाकट्याचं बटण दाबलं. टाळ्या झाल्या. पेढे वाटले. त्यानंतर आत जाऊन कपाटाबाहेरच्या बटणानं थोरला चालू केला. मी आरतीचं ताट धरून उभी होते. भिंतीवरचा कागद मला समोर दिसत होता. पण चार मोठी माणसं जमलेली, मुहूर्त, फोटो, तिथं मी कुठं मध्ये बोलू, असं वाटलं आणि मी गप्प बसले.

दसऱ्याच्या सकाळी मी स्क्रीनवर नकाशे उघडले. वर त्या दिवसाची तारीख होती. ती तारीख धाकटा स्वतःच्या घड्याळातून घालायचा, खालचा नकाशा कधीचा का असेना. नकाशा कधी तयार झाला ते अगदी खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतं. मी खाली बघितलं नाही. घरी सोनं वाटायला जायचं होतं. मी मेसेज धाडला, "पुढील चार दिवस हवामान कोरडे. छाटणी व पेस्टिंगसाठी अनुकूल." आणि निघाले.

दसऱ्यापासून आमच्याकडे द्राक्षांच्या छाटणीला जोर येतो. छाटलेल्या काड्यांच्या डोळ्यांवर औषधाची पेस्ट हातानं लावायची असते, म्हणजे सगळे डोळे एकदम फुटतात. पेस्ट लागली की वर पाऊस चालत नाही. पुढच्या दोन सकाळीही त्याच नकाशांवरून तसाच मेसेज गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं आणि तासभर असा कोसळला की आळ्यात एकाही बागेत पेस्ट राहिली नाही. पुढं डोळे कुठं फुटले, कुठं फुटलेच नाहीत. वर्षभराचं पीक असं एका तासात तिरकं झालं.

एक बाग मात्र सुखरूप होती. ती छाटलेलीच नव्हती. ती माझ्या वडिलांची, आप्पांची.

दोन दिवसांत फाट्यावरच्या टपरीपासून गावातल्या पारापर्यंत एकच बोलणं होतं. पोरीनं बापाला खरं सांगितलं आणि गावाला खोटं. माझ्या तोंडावर कुणी बोललं नाही, पण मी दिसले की बोलणं थांबायचं. आप्पा म्हणायचे, "बोलू दे. आपली टोळी आली न्हाई म्हणून ऱ्हायली छाटणी." ते खरंच होतं. आमच्या बागेला दरवर्षी डिंभ्याच्या वरच्या वाड्यांमधल्या बायकांची टोळी येते आणि आप्पा दुसऱ्या कुणाला वेलीला हात लावू देत नाहीत. यंदा त्यांचं भात उभं होतं, ते काढून आठ दिवसांनी येतो असा त्यांचा निरोप आलेला. पण हे सांगितलं की लोक नुसते मान हलवायचे.

अध्यक्षांचा फोन आला. "रविवारी सभा लावलीय. तवर तुमी घरीच थांबा. सभा म्हणंल तसं." मला कळून चुकलं, नोकरी गेल्यात जमा आहे. नोकरी गेली असती तरी दुसरी मिळाली असती. पण लबाड म्हणून गेले असते तर आप्पांना आळ्यात मान वर करून चालता आलं नसतं आणि माझ्या अंदाजावर उभ्या महाराष्ट्रात कुणी छत्री घेतली नसती.

माझी डबा-पिशवी आणायला मी ऑफिसात गेले. दार आतून लावलेलं. ठोठावल्यावर त्यांनी फटीतून पाहिलं, मग उघडलं. थोरल्याला पेन ड्राइव्ह लावलेला होता. मी आत येताच त्यांनी वही पालथी घातली.

"काय कॉपी करताय, सर?"

"जे हाय ते."

"पुसत तर नाही ना काही?"

"तुमाला तसं वाटतंय? बरंय. वाटलंच पायजे." मग हात पुढं करून म्हणाले, "तुमचा फोन द्या. त्या दिवशी घरी काय धाडलं ते बघायचंय."

"नाही देणार."

"नका देऊ. न्हाई दिला, एवढं लिहून ठेवतो." आणि खरंच वही सरळ करून लिहून ठेवलं.

मी जिना उतरले ती रडत. तो शिळ्या नकाशांचा कप्पा त्यांनीच ठेवलेला होता, हे मला माहीत होतं. स्वतःची चूक झाकायला हा माणूस माझा बळी देणार याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. घरी आले तर आई म्हणाली, "तुझे ते टॉर्चवाले सर सकाळी येऊन गेले. आप्पांसंगं गोठ्यात बसले व्हते. मी पाणी घेऊन गेले तशी दोघं बी गप झाले." मी आप्पांना विचारलं. ते म्हणाले, "काय न्हाई, म्हशीचं विचारत व्हते." सरांनी आयुष्यात कधी म्हशीची चौकशी केली असेल यावर माझा विश्वास बसेना. पण आप्पा माझ्याशी खोटं बोलतील हेही मनात आलं नाही. शनिवारी सर पुन्हा येऊन गेले.

रविवारी दुकानामागच्या शेडमध्ये सभा भरली. उभं राहायला जागा नव्हती. अध्यक्षांनी नुकसानीचं बोलून झाल्यावर सरांना उभं केलं. यांनी वही उघडली आणि कुठलीही प्रस्तावना न करता म्हणाले, "संशयित तीन हायेत. अध्यक्ष, मी आन मॅडम."

शेडमध्ये कुजबुज झाली. अध्यक्ष अर्धे उठले. "माझं नाव कशाला?"

"धाकटा सात मिनटं आधी चालू झाला. थोरला मागून. दोन्ही मशीनं आपापला टाइम लिहून ठेवत्यात, त्याचा कागद हा. शेवटचा हात कुणाचा, त्याचा फोटो ग्रुपवर हाय." मग त्यांनी पान उलटलं. "धाकट्यात जुनं नकाशे मी ठेवलं व्हतं. मॅडमला कोरी स्क्रीन दिसू नये म्हणून. कोरी दिसली असती तर हे झालंच नसतं. ही चूक माझी. लिहून सही केलीय." पुन्हा पान उलटलं. "मॅडमनी खालचा टाइम बघितला न्हाई. पूजेच्या वक्ताला कागद बघून बी बोलल्या न्हाईत. ही त्यांची."

मी ताट धरून कागदाकडे बघत होते हे त्यांना कसं कळलं? त्याच फोटोवरून. मी कोपऱ्यात होते.

मागून एकजण ओरडला, "मशीनचं ऱ्हाऊ द्या हो! हिच्या बापानं छाटली कशी न्हाई ते सांगा. हिनं घरात खरं सांगितलं म्हणूनच ना?" आणि सगळी शेड त्याच्या बाजूनं झाली. यांनी वही मिटली. "त्ये माज्या वहीत न्हाई. ज्याच्याकडं हाय त्यानं सांगावं," असं म्हणून ते खाली बसले.

मग आप्पा उठले. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"टोळी आली की मी छाटतो. न्हाई आली की न्हाई छाटत," ते म्हणाले. "गेल्या साली काय झालं, आठवतंय का? गेल्या साली हिनं पाऊस सांगितला. तुमी समदे थांबला. माजी टोळी दारात आल्याली, मी छाटली. पेस्ट धुतली. माल निम्मा बी निघाला न्हाई. तुमी समदे बघायला आला व्हता. मी काय सांगितलं तुमाला?"

"रेंज नव्हती म्हणाला," कुणीतरी बोललं. मलाही ते तसंच सांगितलं होतं. मी तेव्हा रेंजची तक्रारही केली होती.

"रेंज व्हती. मेसेज आल्याला." आप्पांनी खिशातून फोन काढून पुढच्या माणसाच्या हातात दिला. "बघा. दोन वर्सं झाली. पोरीच्या हापिसाचा एक बी मेसेज मी उघडल्याला न्हाई. माजा न्हाई इस्वास त्या मशीनवर. तिनं मला खरं सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं."

फोन हातोहात फिरला. न उघडलेल्या मेसेजचा आकडा जो तो वाकून बघत होता. कुणी हसलं नाही. ज्यानं ओरडून विचारलं होतं त्यानंच फोन आणून आप्पांना परत दिला आणि म्हणाला, "बसा आप्पा, राव." माझी नोकरी त्या क्षणी वाचली. मी मात्र जमिनीकडे बघत होते. कारण रोज संध्याकाळी मी घरात शिरले की आप्पा मला म्हणायचे, "वाचला गं तुजा मेसेज. बरोबर सांगितलंस." दोन वर्षं, एक दिवस न चुकता.

गाडीवर मागे बसून मी घरी गेले. अर्धा रस्ता गेल्यावर विचारलं, "मग रोज कसं सांगायचात?"

"तुजी आई तिच्या फोनवर वाचायची. ती मला सांगायची." मला त्यांचा राग आला होता, आणि ज्यांनी हे उकरून काढलं त्यांचा त्याहून जास्त.

सोमवारी मी ऑफिसात गेले ती भांडायचं ठरवूनच. सर टॉर्च घेऊन दोऱ्यावरची मेणाची खूण तपासत होते. मी म्हटलं, "मशीनचे कागद तुमच्याकडे होते. मी मुद्दाम काही केलं नाही हे त्यातून दिसतच होतं. आप्पांना मध्ये ओढायची काय गरज होती?"

"मशीननं तुमची चूक दाखवली. तुमच्या मनात काय व्हतं ते मशीनला काय ठावं? लोकांला त्येच पायजे व्हतं."

"पण तुम्हाला कसं कळलं ते मेसेज वाचत नाहीत?"

"गेल्या साली तुमी रेंजची तक्रार केली, तवा मी तपासलं. मेसेज पोचल्याला. म्हनजे कुणीतरी खोटं बोलतंय. तुमी का ते, ते मला कळंना. म्हणून वर्सभर तुमच्या दोघांवर बी डाऊट धरला. ह्या वक्ताला गोठ्यात जाऊन इचारलं, तवा ते बोलले."

"आणि तुम्ही त्यांना सभेत यायला लावलंत."

ते खाली बसले. टॉर्च बंद केला. "म्या लावलं न्हाई. पयल्यांदा गेलो तवा तुमच्या वडलांनी हात जोडले. म्हणाले, मला काय बी करा, बाग काढून टाका म्हणा, गावात मी लबाड म्हणून ऱ्हातो. पन पोरीला हे कळू देऊ नका. तिला वाटतंय मी वाचतो. दुसऱ्यांदा गेलो तवा पुन्ना त्येच, आन रडले. मी म्हनलं, तुमची मर्जी. वहीत मी लिहीत न्हाई. सभेत मी खाली बसलो तवा ते उठतील का न्हाई ते मला बी ठावं न्हवतं."

मी बाहेर जिन्यात जाऊन बसले आणि हमसून हमसून रडले, ऑफिसच्या वेळात. बऱ्याच वेळानं ते चहाचा ग्लास घेऊन आले. खालून, टपरीवरून आणलेला.

"मॅडम, माज्या धंद्यात कुणावर बी इस्वास ठेवून चालत न्हाई," ते म्हणाले. "पन त्या मानसावर डाऊट घ्यायला मला काय सापडलं न्हाई. वही घेऊन गेलो व्हतो, त्यांचं पान तसंच कोरं आणलं."